सूर्याचा हिशेब मांडणारा गणिती

मालवणहून चौकेमार्गे कुडाळकडे निघाले की वाटेत धामापूर लागते. दोन डोंगरांच्या बेचक्यात मातीचा बांध घालून इ. स. १५३० मध्ये येथे एक तलाव निर्माण करण्यात आला. विजयनगरच्या साम्राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांच्याकडे त्याचे श्रेय जाते. काठावर श्रीदेवी भगवतीचे मंदिर, भोवती गर्द झाडी आणि खाली भाताची खाचरे. जवळजवळ पाचशे वर्षे हे पाणी केवळ उताराच्या जोरावर शेतात उतरत आले आहे. त्यासाठी ना पंप लागला, ना डिझेल. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने २०२० मध्ये या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला, तेव्हा बाहेरच्या जगाचे या साध्या बांधाकडे लक्ष गेले.

तेथून काही मैलांवर मालवणचे बंदर आहे. तेथील दृश्य अगदी निराळे. समुद्रात जाणाऱ्या यांत्रिक नौकेला डिझेल हवे, मासळी टिकवण्यासाठी बर्फ हवा आणि बर्फासाठी वीज हवी. हजारो मैलांवर इराणच्या आखातात तोफा धडाडल्या की या बंदरातल्या खर्चाचा ताळमेळ बिघडू लागतो. ज्या युद्धाशी मालवणच्या दर्यावर्दी माणसाचा काडीचाही संबंध नाही, ते युद्ध त्याच्या ताटातल्या मासळीचा भाव ठरवते. एकाच तालुक्यात शेजारी शेजारी नांदणाऱ्या या दोन जगांमधला फरक ज्याने साठ वर्षांपूर्वी गणिताच्या शिस्तीने मांडला, असा एक विद्वान याच किनारपट्टीने देशाला दिला. तेरेखोलची खाडी ओलांडून दक्षिणेला गेले की गोवा सुरू होतो. त्या गोव्यातल्या कोसबे या गावी ३१ जुलै १९०७ रोजी दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म झाला.

गणिती, संख्याशास्त्रज्ञ, नाणकशास्त्रज्ञ, संस्कृतचे व्यासंगी आणि भारतीय इतिहासलेखनाला नवी दिशा देणारे इतिहासकार म्हणून कोसंबी सर्वांना परिचित आहेत. परंतु युद्ध, बाजार आणि इंधन या तिन्हींचा एकमेकांशी असलेला संबंध हाही त्यांच्या चिंतनाचा मोठा विषय होता, याची आठवण फारशी काढली जात नाही. या चिंतनाची किंमत त्यांना आयुष्याच्या उत्तरार्धात मोजावी लागली.

दोन युद्धांमधले शिक्षण

दामोदर यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे गोव्यातल्या साखवाळचे. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून बाहेर पडलेले आणि पुढे पाली भाषा व बौद्ध धर्माचे मोठे पंडित म्हणून मान्यता पावलेले. हार्वर्ड विद्यापीठात एका पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना बोलावणे आले आणि १९१८ मध्ये त्यांनी आपल्याबरोबर मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना अमेरिकेला नेले. पुण्यातल्या शाळेतून हा मुलगा थेट मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या शाळेत जाऊन बसला. पहिले महायुद्ध संपत आले होते आणि जगाच्या अर्थकारणाचा काटा लंडनकडून न्यूयॉर्ककडे झुकू लागला होता. तेलावर चालणाऱ्या मोटारींचे युग अमेरिकेत उजाडले होते. त्या युगाच्या ऐन भरात दामोदर यांची जडणघडण झाली.

शालेय शिक्षण संपवून १९२४ मध्ये त्यांनी हार्वर्डमध्ये प्रवेश घेतला. मध्ये काही काळ भारतात येऊन ते परत गेले आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाले. गणिताबरोबरच अनेक युरोपीय भाषा त्यांनी आत्मसात केल्या. नॉर्बर्ट वीनर यांच्यासारख्या गणितज्ञाशी त्यांचा तेथे जडलेला स्नेह पुढे आयुष्यभर टिकला. अमेरिकेतला शेअर बाजार कोसळून महामंदी सुरू होण्याच्या काही महिने आधी ते भारतात परतले.

प्रथम बनारस हिंदू विद्यापीठ, नंतर आंद्रे वेय या तरुण फ्रेंच गणितज्ञाच्या बोलावण्यावरून अलिगढ आणि त्यानंतर पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय असा त्यांचा अध्यापनाचा प्रवास झाला. १९३१ मध्ये नलिनी माडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. फर्ग्युसनमधली बारा-तेरा वर्षे हा त्यांच्या बुद्धीच्या विस्ताराचा काळ ठरला. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. १९४४ मध्ये त्यांनी आनुवंशशास्त्रात मांडलेले सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

याच काळात त्यांनी प्राचीन नाण्यांकडे मोर्चा वळवला. संख्याशास्त्र नीट समजून घेण्यासाठी काही तरी मोजायला हवे, म्हणून त्यांनी तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेली आहत नाणी तोलायला घेतली. नाणे हातोहाती फिरते तसे झिजते आणि त्याचे वजन कणाकणाने घटते. या झिजेचे गणित मांडले तर कोणते नाणे किती काळ चलनात होते, व्यापार कधी तेजीत होता, कधी मंदावला, हे सांगता येते. राजांच्या वंशावळींपेक्षा नाण्यांची झीज अधिक खरे बोलते, हा धडा त्यांना येथे मिळाला. बाजार हा समाजाची नाडी आहे आणि ती मोजता येते, ही त्यांची पुढची सारी दृष्टी या तराजूतून निघाली.

रंगून पडले आणि कोकणातली चूल अडली

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. पहिली दोन वर्षे ते भारतीयांना वर्तमानपत्रातले युद्ध वाटत होते. मार्च १९४२ मध्ये जपानी फौजांनी रंगून घेतले आणि ते घराच्या उंबरठ्यावर आले.

ब्रह्मदेशातून भारतात दोन गोष्टी मोठ्या प्रमाणावर येत असत. एक तांदूळ आणि दुसरी खनिज तेल. कोकणाच्या दृष्टीने दोन्ही जिव्हाळ्याच्या होत्या. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा त्या वेळी रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी संस्थान यांत विभागलेला होता. या डोंगराळ मुलखात पिकणारे भात वर्षभर पुरत नसे. मुंबईच्या गिरणीतून येणारी मनीऑर्डर आणि गलबतातून वा आगबोटीतून येणारा रंगूनचा तांदूळ यांवर कित्येक घरांची चूल पेटत असे. घरातला दिवा रॉकेलवर जळत होता. रंगून पडताच भात आणि दिवा दोन्ही एकदम अडचणीत आले. पेट्रोलवर नियंत्रण आले, मोटारींच्या मागे कोळशाच्या वायूची पिंपे लागली आणि किनाऱ्यावरच्या काही आगबोटी युद्धकार्यासाठी काढून घेण्यात आल्या. १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये जो दुष्काळ पडला त्यात सुमारे तीस लाख माणसे मेली, असा अंदाज केला जातो.

पुण्यात बसून कोसंबी हे सारे पाहत होते. नाणी तोलणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतून चलनाचा महापूर सुटणे शक्य नव्हते. युद्धाच्या सहा वर्षांत देशातल्या नोटांचे चलन सुमारे सहापट झाले होते. सरकार युद्धसामग्री घेत होते आणि त्या बदल्यात कागद छापत होते. माल कमी, कागद जास्त, अशा वेळी ज्याच्याकडे माल दाबून ठेवण्याची ऐपत असते तो श्रीमंत होतो आणि ज्याला रोजचे धान्य रोज घ्यावे लागते तो मरतो. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या एका नियतकालिकात लिहिलेल्या दीर्घ निबंधात कोसंबींनी याचा लेखाजोखा मांडला. भारतातला भांडवलदार वर्ग युद्धकाळातल्या टंचाईवर आणि नफ्यावर पोसून कसा वयात आला, हा त्या निबंधाचा विषय होता. बंगालमध्ये माणसे मेली ती केवळ निसर्गाच्या कोपाने नव्हे. युद्ध, तुटलेली वाहतूक, साठेबाजी आणि बेफिकीर राज्यव्यवस्था यांनी मिळून त्यांचा बळी घेतला, हे त्यांच्या विवेचनाचे सार होते.

युद्धात माणसे फक्त रणांगणावर मरत नाहीत. कोणते तरी बंदर बंद होते, कोणत्या तरी मार्गावरची जहाजे थांबतात आणि तेथून शेकडो मैलांवरच्या एखाद्या घरात ताट रिकामे राहते. ज्या देशाचे अन्न आणि इंधन दुसऱ्याच्या हाती असते, तेथे शत्रूचे सैन्य न येताही पराभव होऊ शकतो. १९४२ सालचा हा अनुभव कोसंबी विसरले नाहीत.

ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावर

१९४५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाशी त्यांचा संबंध संपला. त्याच सुमारास डॉ. होमी भाभा यांनी नव्यानेच स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. कोसंबींनी पुणे सोडले नाही. भांडारकर रस्त्यावरच्या घरातून निघून डेक्कन क्वीनने मुंबईला जायचे आणि संध्याकाळी परतायचे, असा त्यांचा क्रम झाला. गाडीतला वेळ वाचनात आणि लेखनात जाई. सुट्टीच्या दिवशी हातात काठी घेऊन पुण्याभोवतीच्या टेकड्या धुंडाळायच्या, अश्मयुगीन दगडी हत्यारे वेचायची, धनगरांच्या वाटा आणि खेड्यांतली दैवते यांच्या नोंदी करायच्या, हा त्यांचा छंद होता. त्यातूनच १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा युगप्रवर्तक ग्रंथ सिद्ध झाला. कोणत्या राजाने कधी राज्य केले यापेक्षा लोक नांगर वापरत होते की नाही, हा प्रश्न इतिहासात अधिक महत्त्वाचा आहे, असे त्यांनी त्यात ठासून मांडले. नांगर, बैल, पाणी, जळण, म्हणजेच आजच्या भाषेत ऊर्जा, हा त्यांच्या इतिहासाचा पाया होता.

त्याच १९५६ सालातल्या दोन घटना लक्षात घेण्याजोग्या आहेत. २६ जुलै रोजी इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, ४ ऑगस्ट रोजी, ट्रॉम्बे येथे अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. एका घटनेने जगाचे तेलावरचे अवलंबित्व उघडे पाडले, तर दुसरीने त्यातून सुटण्याचे स्वप्न दाखवले. आणखी एक योगायोग असा, की त्याच ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावर परदेशी कंपन्यांचे दोन तेलशुद्धीकरण कारखाने नुकतेच उभे राहिले होते आणि त्यांना लागणारे कच्चे तेल पश्चिम आशियातून येत होते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएल यांनी इजिप्तवर हल्ला चढवला आणि कालवा बंद पडला. तो एप्रिल १९५७ पर्यंत बंदच राहिला. वास्तविक आखातातून मुंबईला येणारे तेल सुएझमधून येतच नाही. तरीही भारताला झळ लागली, कारण बाजार नकाशाकडे पाहून भाव ठरवत नाही. युरोपचे तेल आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले, जहाजे कमी पडली आणि वाहतुकीचे भाडे सर्वत्र वाढले. युरोपातून येणारी यंत्रसामग्री लांबली. दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झाली होती आणि परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती. अशा वेळी दूरच्या कालव्यातल्या बुडालेल्या जहाजांनी येथील धरणांचे आणि कारखान्यांचे वेळापत्रक बिघडवले.

कोसंबी तेव्हा जागतिक शांतता चळवळीत सक्रिय होते. या निमित्ताने त्यांनी सोव्हिएत संघ, चीन आणि फिनलंड या देशांचा प्रवास केला. युद्धाची मुळे बाजारपेठा आणि कच्चा माल यांच्यावरच्या मालकीच्या हव्यासात असतात, अशी त्यांची मार्क्सवादी धारणा होती. ही धारणा सर्वांना पटावी असे नाही. सोव्हिएत संघाविषयी त्यांनी दाखवलेली आस्था आज वाचताना भाबडी वाटते. परंतु इंधनाच्या प्रश्नाकडे त्यांनी कोणत्याही गटाच्या चष्म्यातून पाहिले नाही. तेथे त्यांनी पाहिला तो हिशेब.

उन्हाची बाजू

अणुऊर्जा हा त्या काळातला परवलीचा शब्द होता. अणूपासून वीज इतकी स्वस्त होईल की गरीब देश एका उडीत श्रीमंत देशांच्या रांगेत जाऊन बसतील, असा विश्वास जगभर पसरला होता. ज्या संस्थेत कोसंबी नोकरी करत होते, तीच संस्था भारताच्या अणुकार्यक्रमाची जन्मभूमी होती आणि त्या कार्यक्रमाचे शिल्पकार डॉ. भाभा हे त्यांचे वरिष्ठ होते. अशा स्थितीत जुलै १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबमध्ये भाषण करताना कोसंबींनी अणुविजेच्या अर्थकारणावर जाहीरपणे प्रश्नचिन्ह उभे केले.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. पाश्चात्य देशांत अणुवीज स्वस्त दिसते, कारण तिच्या मागचा संशोधनाचा प्रचंड खर्च त्या देशांच्या लष्करांनी अण्वस्त्रांसाठी आधीच केलेला असतो. तो खर्च हिशेबात धरला की चित्र बदलते. त्यातून निघणाऱ्या किरणोत्सारी कचऱ्याची विल्हेवाट हा वेगळाच प्रश्न. शिवाय तंत्रज्ञान आणि इंधन बाहेरून आणायचे असेल तर तेलाच्या पारतंत्र्यातून सुटून युरेनियमच्या पारतंत्र्यात जाण्यासारखे आहे. उलट भारताकडे एक साधन अमाप आहे आणि ते अडवून धरणे कोणत्याही नौदलाला शक्य नाही. ते म्हणजे ऊन.

१९६४ मध्ये त्यांनी अविकसित प्रदेशांसाठी सौरऊर्जा या विषयावर स्वतंत्र लेख लिहून हा विचार पुढे नेला. खेड्यातली बाई शेण चुलीत घालते तेव्हा शेताचे खत जळते आणि लाकूड घालते तेव्हा डोंगर उघडा पडतो. कोळसा वाहून नेताना रेल्वेवर भार पडतो आणि तेलासाठी परकीय चलन मोजावे लागते. ऊन मात्र प्रत्येक गावाच्या अंगणात आपणहून उतरते. त्यासाठी लांबलचक तारा ओढाव्या लागत नाहीत. जेथे गरज, तेथेच निर्मिती. पाण्याच्या बाबतीतही त्यांचा कल असाच होता. भव्य धरणांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्याआधी, संख्याशास्त्राच्या आधारे योग्य जागा निवडून असंख्य लहान बंधारे बांधावेत, असे ते सुचवत. धामापूरच्या तलावाकडे पाहिले की या सूचनेतले शहाणपण डोळ्यांना दिसते.

या मतांना विरोध करणाऱ्यांची बाजू पोकळ होती, असे म्हणता येणार नाही. सिलिकॉनचा सौरघट १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला होता. तो उपग्रहांत वापरण्याइतका महाग होता आणि एका वॅटला शेकडो डॉलर पडत होते. रात्री काय, पावसाळ्याच्या चार महिन्यांत काय, पोलादाची भट्टी उन्हावर कशी चालवायची, हे प्रश्न रास्त होते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने पन्नासच्या दशकात आणलेली सूर्यचूल लोकांनी स्वीकारली नव्हती आणि त्यामुळे सौरऊर्जा हा चेष्टेचा विषय झाला होता. कोसंबींनाही या अडचणी ठाऊक होत्या. त्यांचा आग्रह असा होता, की जे साधन आपल्याकडे विपुल आहे त्यावरच्या संशोधनाला निदान बरोबरीचे स्थान द्या. अणूवर जेवढा पैसा आणि जेवढी बुद्धी खर्च होते, त्याचा काही अंश उन्हावर खर्च झाला, तर किंमत आज ना उद्या खाली येईल. ही मागणी मान्य झाली नाही.

मोजलेली किंमत

१९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी असलेला त्यांचा करार पुढे वाढवण्यात आला नाही. यामागे एकच कारण नव्हते. इतिहास आणि पुरातत्त्व यांत ते अधिकाधिक रमले होते. रीमान यांच्या सुप्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता आपण दिली, असा दावा त्यांनी एका कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात केला आणि तो टिकला नाही. त्यामुळे गणितज्ञांच्या वर्तुळात त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. स्वभाव तर मुळातच फटकळ होता. मूर्खपणा त्यांना सहन होत नसे आणि तसे ते तोंडावर सांगत. या सगळ्यात अणुकार्यक्रमावरची जाहीर टीका त्यांच्या पथ्यावर पडणारी नव्हती, हे उघड आहे. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी सोळा वर्षांची नोकरी संपली.

पुढची दोन वर्षे हाती पद नव्हते. शरीर आजारांनी पोखरले होते. तरीही त्यांची लेखणी थांबली नाही. १९६२ मध्ये मिथके आणि वास्तव यांचा शोध घेणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीचा इतिहास सांगणारा. १९६४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद वैज्ञानिकाची वृत्ती दिली आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत बसून ते काम करू लागले. सौरऊर्जेवरचा लेख याच पडत्या काळातला आहे.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत देशही अडचणीत होता. १९६२ मध्ये चीनशी आणि १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले. पाऊस रुसला, अमेरिकेतून गव्हाची जहाजे येऊ लागली आणि रेशनच्या रांगा पुन्हा लांबल्या. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला आणि बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू एका रात्रीत महाग झाली. त्यानंतर तीन आठवड्यांनी, २९ जून १९६६ रोजी, पुण्यातल्या राहत्या घरी झोपेतच कोसंबींचे निधन झाले. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. त्याच वर्षाच्या जानेवारीत डॉ. भाभा विमान अपघातात मृत्युमुखी पडले होते. ज्या दोघांनी देशाच्या ऊर्जेचा एवढा मूलगामी विचार केला आणि ज्यांच्या वाटा एकमेकांपासून इतक्या दूर गेल्या, ते दोघेही एकाच वर्षी हरपले.

काळाने मांडलेला ताळा

कोसंबींच्या पश्चात सात वर्षांनी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, अरब-इस्राएल युद्ध पेटले. तेल निर्यात करणाऱ्या देशांनी पुरवठा आवळला आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाला. आधीच दुष्काळाने आणि महागाईने गांजलेल्या महाराष्ट्रात रॉकेलसाठी रांगा लागल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या आंदोलनाला या टंचाईची पार्श्वभूमी होती.

अणुविजेच्या बाबतीतला ताळा त्याहून बोलका आहे. तारापूरच्या प्रकल्पासाठी १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला आणि १९६९ मध्ये तेथून वीज मिळू लागली. अणुभट्ट्या अमेरिकी आणि समृद्ध युरेनियमही अमेरिकेतूनच यायचे होते. १९७४ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचणी केली, अमेरिकेने १९७८ मध्ये नवा कायदा केला आणि तारापूरचे इंधन राजकारणात अडकले. अखेर १९८२ मध्ये फ्रान्सकडून ते मिळवण्याची तडजोड झाली. डॉ. भाभांनीही देशी इंधनाचे, थोरियमचे स्वप्न पाहिले होते, हे त्यांच्याविषयी न्याय करताना सांगितलेच पाहिजे. पण मधल्या टप्प्यावर देशाला जे अनुभवावे लागले, त्याचा इशारा पुण्यातल्या एका सभागृहात आधीच देण्यात आला होता.

पुढे १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केला. एक लाखाहून अधिक भारतीयांना तेथून परत आणावे लागले. तेलाचे बिल वाढले, आखातातून येणारा पैसा आटला आणि १९९१ मध्ये देशाला सोने गहाण टाकावे लागले. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा तेलापाठोपाठ सूर्यफुलाचे तेल आणि खतेही महागली. आजही भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. स्वयंपाकाच्या गॅसचाही अर्ध्याहून अधिक हिस्सा बाहेरून येतो आणि त्यातला बहुतांश होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. १९४२ मध्ये रंगून पडल्यावर कोकणातल्या दिव्याची जी गत झाली, तिची टांगती तलवार आता शहरातल्या ओट्यावरच्या शेगडीवर आहे.

दुसऱ्या बाजूला, ज्या उन्हाची एके काळी चेष्टा झाली ते आता हिशेबात आले आहे. सौरघटाची किंमत वॅटमागे शेकडो डॉलरवरून डॉलरच्या काही अंशावर आली आणि जानेवारी २०२५ मध्ये देशाच्या सौरवीज क्षमतेने १०० गिगावॉटचा टप्पा ओलांडला. कोसंबी हयात असते तर त्यांना याचा आनंद झाला असता, पण ते तेथेच थांबले नसते. सौरघटांसाठी लागणारा सिलिकॉनचा पातळ काप मुख्यत्वे चीनमधून येतो, हे त्यांनी लगेच विचारात घेतले असते. ऊन आपले, पण ते पकडणारे जाळे दुसऱ्याचे, हीही पराधीनताच. फरक एवढाच, की तेल रोज विकत घ्यावे लागते आणि एकदा बसवलेले सौरपत्रे वीस-पंचवीस वर्षे चालतात. युद्ध पेटले तर नवे पत्रे मिळणार नाहीत, पण छपरावरचे बंद पडणार नाहीत. हा फरक लहान नाही.

भारत सरकारने २००८ मध्ये कोसंबींच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. इतिहासाचे विद्यार्थी त्यांचे ग्रंथ आजही वाचतात. मात्र त्यांच्या आयुष्याचा जो धडा सामान्य नागरिकाच्या उपयोगाचा आहे, तो त्यांच्या ऊर्जाविषयक लेखांत आहे. कोणतीही योजना कितीही भव्य असली तरी तिचे इंधन कोठून येते, ते कोण अडवू शकतो आणि अडवले तर पहिला फटका कोणाला बसेल, हे तीन प्रश्न आधी विचारावेत आणि उत्तर अडचणीचे असले तरी ते बोलून दाखवावे, एवढाच तो धडा आहे. कोसंबींनी ते बोलून दाखवले. कोकणच्या किनाऱ्यावर अणुप्रकल्प असावा की तेलशुद्धीकरण कारखाना, असे वाद गेली काही वर्षे सातत्याने झडत आहेत. त्या वादांत कोणत्याही बाजूने उतरणाऱ्याला हे तीन प्रश्न टाळता येणार नाहीत.

पावसाळा सरला की धामापूरच्या तलावाचे पाणी पाटातून खाली उतरू लागते. आखातात त्या दिवशी काय भाव निघाला, याची त्या पाण्याला गरज नसते.